बूशैबचा आकडा

आमच्या जोतियात, म्हणजे कासाब्लांकातल्या जुन्या मालाच्या बाजारात, थापा मारणं हा काही मोठा गुन्हा धरत नाहीत. एका फोनचं झाकण दुसऱ्याला बसवणारे इथेच बसतात, सहा वर्षं वापरलेला लॅपटॉप ‘एका डॉक्टरीणबाईंचा, हातही लागला नाही’ म्हणून खपवणारे इथेच बसतात, आणि शुक्रवारी सगळे एकाच ओळीत नमाजाला उभे राहतात. पण याच पत्र्याच्या छपराखाली एक माणूस असा होता, की त्याने हार्ड डिस्कच्या खोक्यावर काळ्या पेनाने आकडा लिहिला की विषय संपला. मग घासाघीस व्हायची ती किमतीवरून. आकड्यावरून कुणी तोंड उघडत नसे. त्याचं नाव बूशैब.

दुकान म्हणाल तर दोन पावलं रुंद. एका बाजूला जुन्या-नव्या डिस्का विकणारा जिलाली, दुसऱ्या बाजूला टीव्हीचे रिमोट विकणारा एक बहिरा. मध्ये बूशैबचं टेबल, एक लॅपटॉप आणि तीन केबली. त्या केबलींना हात लावलेला त्याला खपत नसे. गिऱ्हाईक जिलालीकडून डिस्क पसंत करायचं आणि बूशैबपुढे आणून ठेवायचं. तो ती आधी कानाशी धरून हलवायचा. आत खडखड, टकटक असली तर बिनबोलता परत करायचा. नसली तर केबल जोडायचा, लॅपटॉपमधला फुटबॉलच्या सामन्यांचा तीस जीबीचा साठा डिस्कवर कॉपी करायला सोडायचा आणि किटली उचलायचा. हात वर नेऊन फेस येईल असा पुदिन्याचा चहा ओतायचा, एक ग्लास गिऱ्हाइकाला, एक स्वतःला. ग्लास संपायला चार मिनिटं लागतात आणि कॉपी संपायलाही तेवढीच. मग पडद्यावरचा आकडा बघायचा, सेकंदाला इतके एमबी, आणि तो खोक्यावर लिहून खाली एक आडवी रेघ ओढायचा. ती रेघ म्हणजे त्याची सही.

एकोणीस वर्षं हे असंच चालू होतं. त्याच्या आधी सतराव्या वर्षी दुक्कालातल्या खेड्यातून आला तेव्हा तो रेडिओ दुरुस्त करायचा, मग टेपरेकॉर्डर, मग गच्चीवरच्या डिशच्या पेट्या. शाळा चौथीपर्यंत. फ्रेंच अक्षरं त्याला एकेक जुळवून वाचावी लागत. पण आकडा कुठल्याही भाषेत आकडाच असतो, आणि तो एवढ्या आपुलकीने लिहायचा की काय सांगू! एकशे अठ्ठावीस लिहिताना आठाचं पोट असं गोलमटोल काढायचा की जिलाली म्हणायचा, “अरे, डिस्क विकायचीय मला, आठ नाही!” पैशाने तो काही वर आला नाही. पण बाजारातून जाताना चार माणसं “सी बूशैब, सी बूशैब”, म्हणजे बूशैबसाहेब, करून उठून उभी राहायची आणि त्यावर त्याचं पोट भरायचं. खोटं कशाला बोलू, थोडी मिजासही होती त्याला.

आता त्याच्या मुलीचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथून सुरू झाला. गिझलान, वय चोवीस, एकुलती एक. तिने कॅमेरा शिकून घेतला होता आणि ती फक्त बायकांच्या समारंभाचं शूटिंग करायची. मेंदीच्या दुपारी घरात बाईमाणसाशिवाय कुणी नसतं. डोक्यावरचे रुमाल उतरतात, केस मोकळे सुटतात, एरवी तोंडातून शब्द न काढणाऱ्या काकवा कमरेला ओढणी बांधून नाचतात. तिथे पुरुष कॅमेरावाला चालत नाही, म्हणून पोरीला कामाची कमी नव्हती. पण या कामाची एक अट असते आणि ती फार कडक. घरातलं एकही चित्र घराबाहेर जाता कामा नये. शूटिंग संपलं की सगळं एका डिस्कवर उतरवायचं, डिस्क नवरीच्या आईच्या हातात द्यायची, तिच्या डोळ्यांदेखत कॅमेऱ्याची कार्डं कोरी करायची आणि मगच उंबरा ओलांडायचा. तेही पुरुष माणसं घरी परतायच्या आत. पुढची कापाकापी पुन्हा त्यांच्याच घरी बसून.

हे काम मिळवून देणारी बाई म्हणजे लल्ला हनिया. नवऱ्या सजवणारी. अर्ध्या कासाब्लांकातल्या नवऱ्या तिच्या हाताखालून गेल्यात. तिने एखादीचं नाव घेतलं तर त्या पोरीचे शनिवार-रविवार वर्षभर भरलेले, आणि तिने नाक मुरडलं तर त्या पोरीने कॅमेरा विकून खुशाल शिवणकाम शिकावं. गिझलान आजवर दुसरीच्या हाताखाली होती. त्या शनिवारी लल्ला हनियाने तिला पहिल्यांदा एकटीला पाठवलं. डिस्क कोणी निवडून दिली? बापाने! जिलालीच्या फळीवरच्या सगळ्या डिस्का लावून बघितल्या, त्यातली सगळ्यात पातळ, चकचकीत, एकशे अठ्ठावीसची काढली आणि म्हणाला, “तुझं ते एकशे ऐंशी जीबी ना? पंचवीस मिनिटांत खाली उतरेल. डोळे मिटून जा.”

पोर डोळे मिटून गेली आणि तोंडावर आपटली.

रविवारी सकाळी ती दुकानात आली तेव्हा बूशैब एका गिऱ्हाइकाला चहा ओतत होता. तिने ओरडाआरडा केला नाही. नुसती स्टुलावर बसली.

“काय गं, चेहरा का असा?”

“बा, तुझी डिस्क चालली नाही.”

“चालली नाही म्हणजे? बंद पडली?”

“बंद पडली असती तर बरं झालं असतं. रांगत होती. आधी पळाली आणि मग रांगायला लागली. दोन तास झाले तरी निम्म्याच्या जरा पुढे. खाली दारात पुरुष येऊन उभे. नवरीची मावशी म्हणाली, आता बस्स. कॅमेरा कपाटात घालून कुलूप लावलं आणि कार्डं कात्रीने कापली माझ्यासमोर.”

“कापली?”

“चार तुकडे केले एकेकाचे. नवरीची आजी काठी टाकून नाचली होती, बा. सगळ्या रडत होत्या. नेमकं तेच गेलं. आज सकाळी कॅमेरा आणायला गेले, तर नवरीच्या आईने आत बोलावलं नाही. दारातूनच दिला.”

 बूशैब तेच बोलला जे कुणीही कारागीर बोलतो. “तुझ्या हातून काहीतरी झालं असेल.”

“माझ्या हातून?”

“केबल नीट बसली नसेल.”

“बसली होती.”

“दाखव ती डिस्क.” डिस्क त्या घरीच राहिली होती, पण जिलालीकडे त्याच जातीची, त्याच आकड्याची दुसरी होती. बूशैबने ती आणून कानाशी हलवली, जोडली, सामने सोडले. चहा झाला. एकशे अठ्ठावीस. त्याने लॅपटॉप पोरीकडे फिरवला. “हे बघ. काय लिहिलंय?”

“एकशे अठ्ठावीस.”

“मग?”

“मग काय? तिथे बारा होता! मी काय खोटं बोलतेय? लल्ला हनियाने अजून एक संधी दिलीय, पुढच्या रविवारी. म्हणाली, परत असं झालं तर तुझं नाव माझ्या तोंडात येणार नाही. आता तू सांग मी कुठली डिस्क नेऊ. आणि बा, आकडा सांगू नकोस. डिस्क सांग.”

ती गेली आणि बूशैबच्या डोक्याचा भुगा व्हायला लागला. पोर खोटं बोलत नव्हती, हे त्याला माहीत होतं. आकडाही खोटं बोलत नव्हता, तो तर समोर पडद्यावर होता. दोघंही खरं बोलत असतील तर खोटं कोण? सोमवारी त्याने केबली बदलल्या. एकशे अठ्ठावीस. मंगळवारी त्याला वाटलं उन्हाचं असेल, कारण दुपारी त्या पत्र्याखाली भाकरी शेकता येते. तो सकाळी आठला येऊन तपासायला बसला आणि मग भर दुपारी पुन्हा बसला. दोन्ही वेळा तोच आकडा, एखाद-दुसरा इकडेतिकडे. बुधवारी तो पोरीचाच लॅपटॉप आणि केबल घेऊन आला. म्हटलं, दोष असला तर यात असेल. सामने त्यात भरले, डिस्क जोडली, चहा ओतला. एकशे सत्तावीस! त्याने कपाळावर हात मारला.

“काय रे, कुणी मेलं का?” पलीकडून जिलाली.

“तिचा लॅपटॉप, तिची केबल, तशीच डिस्क. माझ्याकडे पळते आणि तिच्याकडे रांगते. का?”

“मी सांगू? तू सामने कॉपी करतोस. ती बायकांचे नाच करते. डिस्क लाजते, बाबा. घरंदाज आहे.”

“जिलाली, माझ्या पोरीच्या पोटाचा प्रश्न आहे. तोंड सांभाळ.”

“बरं बाबा, राहिलं.”

पण काय सांगू तुम्हाला, माणूस गोंधळला की कुठवर जातो! त्याच संध्याकाळी बूशैबने लेकीकडून तिच्या मामेबहिणीच्या मेंदीचं जुनं शूटिंग मागून घेतलं, त्यातलं बरोबर तीस जीबी मोजून काढलं, दुकानाचा पडदा ओढून घेतला आणि जीभ हलवून ‘यूयू’ असा आनंदाचा गजर करणाऱ्या बायकांची चित्रं डिस्कवर सोडली. ग्लास हातात धरून तो डिस्कच्या तोंडाकडे बघत बसला. एकशे अठ्ठावीस. लाजबिज काही नाही. त्याला स्वतःचीच एवढी शरम वाटली की तो पडदा न उघडता अर्धा तास तसाच बसून राहिला. गुरुवारी एक गिऱ्हाईक डिस्क घेऊन आलं तेव्हा त्याने पेन उचललं, टोपण काढलं आणि परत लावलं. “आज आकडा नाही,” म्हणाला. गिऱ्हाईक जिलालीकडे बघायला लागलं आणि जिलालीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

शुक्रवारी बाजार दुपारी बंद होतो आणि सगळे कुसकुस खायला घरी जातात. बूशैब गेला नाही. शेवटी त्याच्या बायकोने, झोहराने, लेकीच्या हाती ताट झाकून दुकानात पाठवलं आणि निरोप दिला की सात भाज्यांचं आहे, गरम खाल्लं नाहीस तर उद्यापासून डिस्काच खा. गिझलान ताट ठेवून त्याच्यासमोर बसली. सगळी गल्ली सुनसान.

“बा, सापडलं?”

“नाही. गं पोरी, मला काहीच कळत नाहीये. सहा दिवस झाले, मी तेच करतोय आणि तेच येतंय.”

“मग मी केलं तसं का नाही करत?”

“तेच तर केलं! तुझा लॅपटॉप, तुझ्या त्या बायका...”

“तीस जीबी केलंस. मी एकशे ऐंशी केलं होतं. सगळं कर की.”

बूशैबला राग आला. “एकोणीस वर्षं करतोय मी हे. डिस्क काय गाढव आहे का चढावर दमायला? जी चार मिनिटांत पळते ती चोवीस मिनिटांत पळते. लोखंड आहे ते.”

“कर ना. मी बसते.”

त्याने केलं, खरं म्हणजे तिला खोटं पाडायलाच केलं. मामेबहिणीच्या मेंदीचं सगळं शूटिंग आणि आपले सामने तिच्या लॅपटॉपमध्ये पुन्हा पुन्हा घालून एकशे ऐंशीच्या वर भरलं, आणि सोडलं. सवयीने चहा ओतला.  ग्लास संपला तेव्हा पडद्यावर एकशे अठ्ठावीस होता. “बघ!” तो म्हणाला आणि हात सवयीनेच केबल काढायला गेला. गिझलानने त्याचं मनगट धरलं.

“थांब.”

“बघितलंस ना?”

“बा, थांब जरा!”

अजून मिनिटभर तो आकडा तसाच होता. मग एकशे दहा झाला. मग चौसष्ट. बूशैब पुढे वाकला. एकतीस. त्याने केबल चाचपली, बसलेली होती. एकोणीस. चौदा. बारा. आणि मग तो बाराच्या आसपासच घुटमळत राहिला, कधी नऊ, कधी तेरा. ताटातलं कुसकुस गार झालं, बाजूच्या मशिदीतून दुपारच्या नंतरची बांग झाली, आणि तरी बाराच.

“हेच,” गिझलान म्हणाली. “हे असंच झालं होतं. मी त्या बायकांसमोर बसून हे बघत होते.”

बूशैबने तिच्याकडे बघितलं नाही. बघवेना. तिला काल-परवापर्यंत तो ‘तुझ्या हातून काहीतरी झालं’ म्हणत होता.

संध्याकाळी जिलालीने दुकान उघडलं तसा बूशैब उठून त्याच्याकडे गेला आणि सगळं सांगितलं. जिलाली काही दचकला नाही. डिस्का विकतो तो, त्याला थोडं माहीत असावं. म्हणाला, “हल्लीच्या पातळ डिस्का तशाच असतात. आलेला माल आधी पटापट दारातच रचून ठेवतात, मग सावकाश आत नेऊन लावतात. दार भरलं की बाहेरचा माणूस खोळंबतो. जुन्या जाड्या थेट आतच ठेवायच्या.”

“तुला हे माहीत होतं?”

“ऐकून होतो.”

“आणि मला बोलला नाहीस?”

“तू विचारलंस? तू चार मिनिटांचा आकडा लिहायचास, तो चार मिनिटांचा खराच होता.”

“जिलाली, माझे सगळे आकडे पूस. फळीवरचे सगळे.”

“डोकं फिरलंय का तुझं? अरे, शाळेच्या पोरीला तिच्या वह्या ठेवायच्यात, म्हाताऱ्याला नातवाचे फोटो ठेवायचेत. त्यांना चार मिनिटांपेक्षा जास्त कधी लागणारच नाहीत. त्यांच्यासाठी तुझा आकडा खराच आहे. एवढं एकशे ऐंशी कोण टाकतं? तुझी पोर!”

इथे बूशैब पुन्हा गोंधळला. कारण जिलाली लबाड असला तरी हे काही लबाडीचं नव्हतं. आकडा खराही होता आणि खोटाही होता. ज्या म्हाताऱ्याने नातवाचे फोटो ठेवले त्याला त्याने फसवलं की नाही? आणि त्या आजीचा नाच गेला, त्याचं पाप कुणाच्या माथी? पूर्वीच्या डिस्का बदलल्या, त्याला कुणी सांगितलं नाही, आणि तो आपला त्याच चालीने ग्लास भरत राहिला. चोरी केली असती तर निदान कबूल तरी करता आलं असतं. त्याने आकडे पुसले नाहीत आणि नवेही लिहिले नाहीत. फळीवरच्या नऊ डिस्का तेवढ्या उचलून आपल्या टेबलावर आणल्या.

शनिवार सगळा त्यात गेला. गिऱ्हाइकं आली, त्यांना परत पाठवलं. एकेक डिस्क लावायची आणि एकशे ऐंशी जीबी होईपर्यंत नजर हटवायची नाही, मध्येच रांगायला लागली की काढून बाजूला ठेवायची. पहिली चाळीस जीबीला रांगायला लागली. दुसरी बासष्टला. तिसरी थेट एकशे दहापर्यंत घोड्यासारखी गेली आणि बूशैब उभा राहिला, आणि तेवढ्यात तीही बसली. एकाच कंपनीच्या दोन डिस्का, खोकी जुळ्यांसारखी, तरी दोघींची गत वेगळी. त्याला काही मेळ लागेना. आठवीनंतर फळीच्या तळाला पडलेली एक जाडजूड, कोपरा चेपलेली राहिली. तिच्यावर त्यानेच तीन वर्षांपूर्वी पंच्याऐंशी लिहिलं होतं आणि त्या आकड्यामुळे तिला कुणी हात लावला नव्हता. ती पंच्याऐंशीने निघाली. चाळीसला पंच्याऐंशी. शंभराला चौऱ्याऐंशी. एकशे ऐंशी झालं तेव्हा त्र्याऐंशी, पस्तीस-छत्तीस मिनिटं. बूशैबच्या डोळ्यांत पाणी आलं. पण आता त्याचा स्वतःवर विश्वास राहिला नव्हता, म्हणून त्याने सगळं पुसून पुन्हा एकदा केलं. आणि दुसऱ्या वेळी दीडशेच्या जवळ ती अचानक थांबली. आकडा शून्य! त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दहा-बारा सेकंद ती तशीच मुकाट राहिली, मग जणू काही झालंच नाही अशी पुन्हा पंच्याऐंशीने चालायला लागली. का थांबली? त्याला कळलं नाही. तिसऱ्यांदा केलं तर थांबली नाही. मग ते काय होतं? जिलालीला विचारलं, तोही खांदे उडवून मोकळा झाला.

रविवारी सकाळी त्याने ती डिस्क पोरीच्या हातात दिली.  “ही ने,” तो म्हणाला. “पंच्याऐंशीने जाते, शेवटपर्यंत. पण गिझलान, एकदा मध्येच थांबली होती. तीनदा केलं, त्यात एकदा. का ते मला कळलं नाही. परत थांबेल की नाही, ते मी सांगू शकत नाही.”

तिने डिस्क फिरवून बघितली, चेपलेल्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला आणि पिशवीत टाकली. “कॉपी सुरू केली की मिस्ड कॉल देते,” एवढंच म्हणाली.

मेंदीचं घर गल्लीच्या टोकाला होतं. बूशैबला आत जाता येणार नव्हतं. तो समोरच्या वाण्याच्या दुकानाबाहेर एका उलट्या क्रेटवर बसून राहिला. वरच्या खिडक्यांचे पडदे ओढलेले, आतून ढोलक्या आणि बायकांची यूयू. वाण्याने दोनदा विचारलं, “काय हवंय, काका?” दोनदा त्याने सुपारीएवढी साखरेची पुडी विकत घेतली. पाच वाजून चार मिनिटांनी फोन एकदा वाजून बंद झाला. त्याने मनात हिशेब मांडला. छत्तीस मिनिटं. म्हणजे पाच चाळीस.

पाच चाळीस झाले, दार बंद. पावणेसहा. थांबली असेल का? दहा सेकंदच थांबेल ना? की या वेळी कायमची थांबली? सहाला दहा कमी असताना टॅक्सीतून तीन पुरुष उतरले, जेलाबा म्हणजे टोपीवाले पायघोळ झगे घातलेले, नवरीचा बाप त्यांत असावा, आणि दाराशी उभे राहून बोलायला लागले. बूशैब क्रेटवरून उठला, परत बसला. सहा वाजले. त्याला डोळ्यांसमोर ती कात्री दिसायला लागली. त्याने फोन हातात घेतला आणि करायची हिंमत झाली नाही. फोन केला आणि तिने त्या ढोलक्यांच्या आवाजात रडून सांगितलं तर? सहा वाजून बारा मिनिटांनी दार उघडलं.

गिझलान बाहेर आली. खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी, हातात रुमालात बांधलेली मिठाई. मागे दारात लल्ला हनिया उभी होती, तिने पोरीच्या गालाला हात लावला आणि आत गेली. बूशैब रस्ता ओलांडून धावत गेला, एक मोपेडवाला त्याच्यावर ओरडला, त्याच्याकडे लक्ष नाही.

“काय झालं? थांबली का? केवढा उशीर!”

“झालं, बा. कधीच झालं. जेवल्याशिवाय सोडतात का? ती नवरीची आई हात धरून बसली होती.”

“सगळं उतरलं?”

“सगळं उतरलं. कार्डं पण तिच्यासमोर पुसली. तिने ती माझ्या हातात परत दिली.”

“आणि पुढे?”

“लल्ला हनियाने पुढचे दोन शनिवार दिलेत.”

बूशैबने भिंतीला हात टेकला.  मग, काय करणार, माणूस तो माणूस, त्याने विचारलंच. “आकडा किती होता? शेवटाला?”

“मी बघितला नाही.”

“बघितला नाही म्हणजे?”

“कॉपी सुरू केली, तुला फोन केला आणि आत नाचायला गेले. त्यांनी ओढलंच मला. परत आले तर झालं होतं.”

“अगं वेडे!” त्याचा आवाज चढला, ते दारातले पुरुष वळून बघायला लागले. “मी तुला सांगितलं होतं ना की ती थांबते म्हणून? मला खात्री नव्हती, गिझलान! मी इथे बसून मरत होतो. मलाच खात्री नव्हती आणि तू तिला सोडून नाचायला गेलीस?”

“तू कधी आजपर्यंत म्हणालास का मला, की मला कळलं नाही म्हणून?” ती म्हणाली. “परवा पहिल्यांदा म्हणालास, आज सकाळी पुन्हा म्हणालास. आकड्यावर नाही, त्यावर ठेवला भरवसा.”

 बूशैबने तिच्या खांद्यावरची पिशवी घेतली, आपल्या खांद्यावर टाकली, आणि रडतोय ते तिला दिसू नये म्हणून दोन पावलं पुढे चालायला लागला.